शेंगदाणा तेलाचे शुद्धीकरण : यंत्रे, प्रक्रिया आणि नाशिक–खानदेश परिसरातील तेलउद्योग

सारांश

शेंगदाण्याचे तेल हे महाराष्ट्राच्या आहारातील एक प्रमुख खाद्यतेल आहे. बाजारात ते घाण्याचे, फिल्टर केलेले आणि रिफाइंड अशा तीन रूपांत मिळते. या तिन्हींतील फरकाविषयी सुशिक्षित ग्राहकांतही अनेक गैरसमज आढळतात. प्रस्तुत लेखात कच्च्या तेलातील अशुद्धींचे स्वरूप, त्या दूर करण्याच्या प्रक्रिया, त्यासाठी लागणारी यंत्रे आणि प्रत्येक टप्प्यावर होणारी घट यांचे विवेचन केले आहे. अमळनेर येथील वनस्पती-तूप कारखान्याचा इतिहास आणि नाशिक विभागातील लहान तेलगिरण्यांपुढील पर्याय यांचाही विचार केला आहे. तेलाची शुद्धता रिफायनरीत जितकी ठरते, त्याहून अधिक ती शेंगेच्या वाळवणीत आणि दाण्याच्या निवडीत ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शेंगदाणा तेल, मुक्त मेदाम्ले, उदासिनीकरण, विरंजन, निर्गंधीकरण, अफ्लाटॉक्सिन, तेलगिरणी.

१. प्रस्तावना

भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. भारतात आल्यानंतर ते दख्खनच्या हलक्या व मध्यम जमिनीत चांगलेच रुजले. नाशिक, धुळे, जळगाव, सातारा, कोल्हापूर इत्यादी जिल्ह्यांत ते खरीप व उन्हाळी अशा दोन्ही हंगामांत घेतले जाते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला ‘फुले प्रगती’ हा वाण ‘जेएल २४’ या नावाने देशभर ओळखला जातो. त्यातील ‘जेएल’ ही अक्षरे जळगावचीच आहेत.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन-तीन दशकांत शेंगदाणा तेल हे देशातील प्रमुख खाद्यतेल होते. पुढे सोयाबीन व सूर्यफुलाचा प्रसार झाला. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाल्यानंतर चित्र आणखी पालटले. स्वस्त तेले आली, ती मुख्यतः रिफाइंड स्वरूपात आली, आणि ‘रिफाइंड म्हणजे शुद्ध’ ही समजूत रूढ झाली. गेल्या काही वर्षांत याच्या नेमकी उलट समजूतही बळावली आहे. नाशिकसारख्या शहरात लाकडी घाण्याची दुकाने दिसू लागली असून ‘रिफाइंड म्हणजे रसायनयुक्त’ असे सर्रास म्हटले जाते. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. शुद्धीकरणात नेमके काय घडते हे पाहिल्याशिवाय त्यांचा निवाडा करता येत नाही.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : घाणा ते कारखाना

बैलाच्या घाण्यावर तेल काढणे हा तेली समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. लाकडी वा दगडी उखळीत जड मुसळ फिरे, दाणा चिरडला जाई आणि तेल पाझरे. ते भांड्यात निवत ठेवून वरचे नितळ तेल वापरावयाचे, एवढेच त्या काळचे शुद्धीकरण होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत या घाण्यावर प्रयोग केले. झवेरभाई पटेल यांनी तेथे घाण्याच्या रचनेत सुधारणा केल्या. बैलावरील ताण कमी व्हावा आणि तेलाचा उतारा वाढावा हा त्यामागील हेतू होता.

याच सुमारास खानदेशात कारखानदारीची वेगळी वाट चोखाळली गेली. तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील अमळनेर हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव. भोवती भुईमूग व कापूस पिकविणारा प्रदेश. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेर येथे कारखाना उभारला. ‘सनफ्लॉवर’ हे वनस्पती तूप आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची आरंभीची उत्पादने होती. १९६६ मध्ये अझीम प्रेमजी यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. पुढे विप्रो या नावाने ती संगणक क्षेत्रात जगभर पोहोचली. तिचा आरंभ मात्र तेलातून झाला.

या उदाहरणाचे तांत्रिक महत्त्व अधिक आहे. वनस्पती तूप करण्यासाठी तेलावर निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनची क्रिया घडवावी लागते. तेलात गोंदयुक्त द्रव्ये, साबणाचा अंश किंवा गंधकाची संयुगे राहिली तर निकेल लवकर निष्क्रिय होते. त्यामुळे हायड्रोजनीकरणापूर्वी तेलाचे शुद्धीकरण अपरिहार्य ठरले. भारतात तेलशुद्धीकरणाची यंत्रसामग्री रुजण्यात वनस्पती-तूप उद्योगाच्या या गरजेचा मोठा वाटा होता. साबणाचा संबंधही प्रक्रियेशीच आहे. तेलातील आम्लांश काढताना साबणयुक्त गाळ निघतो आणि त्याचा सर्वांत सोपा उपयोग साबण करणे हाच असतो. तूप आणि साबण ही दोन उत्पादने एकाच छताखाली निघण्यामागे हे साधे रसायनशास्त्र आहे.

वनस्पती तुपाचे दिवस पुढे सरले. अंशतः हायड्रोजनीकरणाने निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयास घातक असल्याचे सिद्ध झाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व तुपातील त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. शुद्धीकरणाचे तंत्र मात्र टिकून राहिले.

३. कच्च्या तेलात काय असते?

शेंगदाणा तेलाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग ट्रायग्लिसराइडांचा असतो. त्यात ओलेइक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक, त्याखालोखाल लिनोलेइक आणि पामिटिक आम्ल असते. ॲराकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची संपृक्त आम्ले अल्प प्रमाणात असली तरी तीच या तेलाची खूण होत. उरलेल्या भागातील घटकांचे तीन गट करता येतात.

पहिला गट अनिष्ट घटकांचा. पेंडीचे तरंगते कण, ओलावा, मुक्त मेदाम्ले, फॉस्फॅटाइड म्हणजे बोलीभाषेतील ‘गोंद’, लोह व तांब्याचे सूक्ष्म अंश, खवटपणाची द्रव्ये आणि बुरशीची विषे यांचा त्यात समावेश होतो. दुसरा गट उपयुक्त घटकांचा. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्ये, तेलाला खवट होण्यापासून वाचवितात. स्टेरॉले आहारदृष्ट्या हितकर मानली जातात. तिसरा गट रंग व गंधाचा. भाजलेल्या दाण्याचा खमंग वास ज्यांमुळे येतो, ती बाष्पनशील द्रव्ये या गटातील होत. ती इष्ट की अनिष्ट, हे खाणाऱ्याच्या आवडीवर ठरते. शुद्धीकरणाची मूळ अडचण हीच आहे, की पहिला गट काढताना दुसरा आणि तिसरा गट पूर्णपणे मागे ठेवता येत नाही.

४. शेंगेपासून कच्च्या तेलापर्यंत

तेलगिरणीत आलेली शेंग प्रथम चाळणी व पंख्याच्या साहाय्याने स्वच्छ केली जाते. खडे वेगळे करणारे यंत्र माती व दगड काढते, चुंबक लोखंडाचे तुकडे धरतो. नंतर फोडणी यंत्रात टरफल वेगळे होते. शेंगेच्या वजनात दाणा साधारणपणे ७० टक्के आणि दाण्यात तेल ४५ ते ५० टक्के असते. फोडलेल्या दाण्याची आकारानुसार प्रतवारी करून सुरकुतलेले, काळे पडलेले व बुरशीचे दाणे काढले जातात. पूर्वी हे काम केवळ स्त्रियांच्या हाताने होई. आता प्रकाशसंवेदकांवर चालणारी रंगनिवड यंत्रे उपलब्ध असून ती रंग बदललेला दाणा हवेच्या झोताने बाजूला फेकतात.

पुढे दाणा वाफेच्या आवरणाच्या भांड्यात शिजवून त्यातील ओलावा ३ ते ४ टक्क्यांवर आणला जातो. उष्णतेने पेशींच्या भित्ती फुटतात, प्रथिने गोठतात आणि तेल सहज सुटते. एक्सपेलरमध्ये मळसूत्राकार दांडा पोलादी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात फिरतो व प्रचंड दाबाखाली तेल बाहेर पडते. एक्सपेलरच्या पेंडीत ६ ते ८ टक्के तेल राहते. घाण्याच्या पेंडीत ते १० ते १२ टक्के किंवा त्याहूनही अधिक असते.

उदाहरणादाखल १०० किलोग्रॅम शेंगांचा हिशेब पाहता येईल. त्यातून ७० किलोग्रॅम दाणा मिळाला आणि त्यात ४७ टक्के तेल असले, तर एकूण तेल सुमारे ३३ किलोग्रॅम होते. पेंडीत ७ टक्के तेल राहिल्यास एक्सपेलरमधून सुमारे ३० किलोग्रॅम तेल हाती येते. पेंडीत १२ टक्के राहिल्यास घाण्यातून सुमारे २८ किलोग्रॅमच मिळते. घाण्याच्या तेलाचा दर अधिक असण्याचे एक कारण या दोन किलोग्रॅमच्या फरकात आहे. यंत्राचा मंद वेग हे दुसरे कारण होय. पेंडीतील उरलेले तेल मोठ्या कारखान्यांत हेक्झेन या द्रावकाने काढले जाते. असे द्रावक-निष्कर्षित तेल मात्र शुद्धीकरणाशिवाय खाण्यास योग्य ठरत नाही.

यंत्रातून निघालेले गढूळ तेल टाकीत निवविले जाते आणि फिल्टर प्रेसमधील कापडाच्या पडद्यांतून दाबाने गाळले जाते. बाटलीवर ‘फिल्टर्ड’ किंवा ‘डबल फिल्टर्ड’ असे लिहिलेले असते ते याच तेलाच्या. येथे केवळ घन कण निघतात. तेलात विरघळलेली मुक्त आम्ले, रंग, गंध किंवा विषे गाळणीने निघत नाहीत. ‘फिल्टर’ आणि ‘रिफाइंड’ हे समानार्थी शब्द नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

५. शुद्धीकरणाचे टप्पे व यंत्रे

५.१ गोंद काढणे : तेल ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात १ ते ३ टक्के पाणी मिसळले जाते. फॉस्फॅटाइडे पाणी शोषून फुगतात, तेलात विरघळेनाशी होतात आणि तळाशी बसतात. पाण्याला दाद न देणाऱ्या फॉस्फॅटाइडांसाठी अल्प प्रमाणात फॉस्फॉरिक किंवा सायट्रिक आम्ल वापरतात. लहान प्रकल्पात ढवळणी असलेली टाकी पुरते, मोठ्या प्रकल्पात अपकेंद्री विलगक लावतात. शेंगदाणा तेलात गोंदाचे प्रमाण सोयाबीन तेलाच्या मानाने बरेच कमी असते. त्यामुळे अनेक लहान प्रकल्पांत हा टप्पा उदासिनीकरणाबरोबरच उरकला जातो.

५.२ उदासिनीकरण : शुद्धीकरणाचा हा गाभा होय. वर दंडगोलाकार आणि खाली शंकूच्या आकाराचे पात्र, त्यात ढवळणी, वाफेचे वेटोळे आणि वरून फवारा, अशी उदासिनीकरण-पात्राची रचना असते. तेलातील मुक्त मेदाम्लांचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजून त्यानुसार कॉस्टिक सोड्याचे द्रावण फवारले जाते. आम्ल व सोडा यांच्या संयोगाने साबण होतो. ढवळणी मंद करून तापमान वाढविले की साबणाचे कण एकत्र येऊन शंकूत बसतात आणि खालच्या तोटीतून काढले जातात. या गाळास व्यवसायात ‘सोपस्टॉक’ म्हणतात. तेल नंतर गरम पाण्याने दोन-तीन वेळा धुतले जाते व निर्वात पात्रात वाळविले जाते.

सोड्याचे गणित सोपे आहे. १ किलोग्रॅम ओलेइक आम्लास सुमारे ०.१४२ किलोग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. १,००० किलोग्रॅम तेलात १.५ टक्के मुक्त आम्ल असेल, तर १५ किलोग्रॅम आम्लासाठी सुमारे २.१ किलोग्रॅम सोडा आणि थोडा वाढावा पुरेसा होतो. हेच प्रमाण ४ टक्के असेल तर सुमारे ५.७ किलोग्रॅम सोडा लागतो. खरी हानी सोड्याच्या खर्चात नसते. साबणाचा गाळ आपल्याबरोबर चांगले तेलही ओढून नेतो, त्यामुळे प्रत्यक्ष घट मुक्त आम्लाच्या दीडपट ते दुप्पट होते. म्हणजे पहिल्या तेलात घट २ ते ३ टक्के, तर दुसऱ्यात ती ६ ते ८ टक्क्यांवर जाते. सोडा गरजेपेक्षा अधिक पडला तर तो चांगल्या तेलाचाही साबण करतो. म्हणूनच या टप्प्यावर अनुभवी कारागिराइतकेच अचूक मोजमापाचे महत्त्व आहे.

५.३ विरंजन : वाळलेले तेल निर्वात पात्रात ९० ते ११० अंशांपर्यंत तापवून त्यात आम्लसंस्कारित सक्रिय माती मिसळतात आणि २० ते ३० मिनिटे ढवळतात. रंगद्रव्ये, उरलेला साबण, धातूंचे अंश व खवटपणाची आरंभिक द्रव्ये मातीच्या पृष्ठभागाला चिकटतात. नंतर माती गाळून वेगळी केली जाते. शेंगदाणा तेल स्वभावतःच फिकट असल्याने दाणा चांगला असेल तर १ टक्का किंवा त्याहूनही कमी माती पुरते. वापरलेली माती स्वतःच्या वजनाच्या २० ते ३० टक्के तेल धरून ठेवते. अशी तेलकट माती हवेत ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकते, हा धोका लहान प्रकल्पांत दुर्लक्षून चालत नाही.

५.४ निर्गंधीकरण : हा सर्वांत खर्चिक टप्पा. पोलादाच्या न गंजणाऱ्या उंच पात्रात तेल १८० ते २४० अंशांपर्यंत तापविले जाते. आतील दाब पाऱ्याच्या केवळ २ ते ६ मिलिमीटर इतका कमी ठेवतात आणि तळातून वाफेचे बुडबुडे सोडतात. वाफेबरोबर गंधद्रव्ये, उरलीसुरली मुक्त आम्ले आणि कीटकनाशकांचे काही अंश उडून जातात. एवढे तापमान साध्या बॉयलरच्या वाफेने मिळत नाही, म्हणून थर्मिक फ्लुइड हीटर लागतो. निर्वातासाठी वाफेच्या झोतावर चालणारे इजेक्टर आणि थंड पाण्याचे संघनित्र लागते. तेल निर्वातातच थंड करणे आवश्यक असते. तापलेल्या तेलास हवा लागली तर आधीचे सर्व श्रम वाया जातात.

मोठ्या प्रकल्पांत मुक्त आम्ले सोड्याऐवजी याच टप्प्यावर, अधिक तापमानात वाफेने काढतात. त्यास भौतिक शुद्धीकरण म्हणतात. त्यात सोपस्टॉक व धुण्याचे सांडपाणी निर्माण होत नाही. मात्र गोंद आधी जवळजवळ पूर्णपणे काढावा लागतो.

६. हिवाळ्यात गोठणारे तेल

सरकी व सूर्यफुलाच्या तेलांना थंड करून त्यांतील गोठणारा भाग वा मेण गाळून काढण्याची प्रक्रिया देता येते. शेंगदाणा तेलास ती लागू पडत नाही. थंड केल्यावर त्यात गाळण्याजोगे स्फटिक न बनता जेलीसारखा गोळा तयार होतो. लांब साखळीची संपृक्त आम्ले हे त्याचे कारण. निफाड परिसरात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली जाते. अशा पहाटे घरातील शेंगदाणा तेल गढूळ वा घट्ट दिसते आणि ग्राहकास पामतेलाच्या भेसळीची शंका येते. गोठणे हा भेसळीचा पुरावा नव्हे. न गोठणे हीदेखील शुद्धतेची हमी नव्हे. याच आम्लांवर आधारलेली बेलिअर चाचणी मात्र उपयोगी आहे. तेलाचे साबणीकरण करून आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये ते थंड करीत नेले असता कोणत्या तापमानास गढूळपणा येतो, हे त्यात पाहतात. शुद्ध शेंगदाणा तेलासाठी भारतीय मानकात ३९ ते ४१ अंश ही मर्यादा दिलेली आहे. इतर बहुतेक तेलांच्या मिश्रणाने ती ढळते.

७. शुद्धीकरणाचा जमाखर्च

जमेच्या बाजूस पुढील गोष्टी येतात. रिफाइंड तेल अधिक तापमानापर्यंत धूर न होता तापते, त्यामुळे तळणासाठी ते सोयीचे असते. दाण्यातील प्रथिनांचे अंश जवळजवळ निघून जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आम्लांश व बुरशीजन्य विषे दूर होतात. खर्चाच्या बाजूस टोकोफेरॉल व स्टेरॉलांचा काही भाग आणि शेंगदाण्याचा संपूर्ण सुवास जातो. निर्गंधीकरणाचे तापमान २०० अंशांच्या बरेच वर गेल्यास ३-एमसीपीडी व ग्लायसिडिल एस्टर ही अनिष्ट संयुगे तयार होऊ लागतात. अलीकडच्या काळात या संयुगांवर जगभर लक्ष केंद्रित झाले असून युरोपीय संघाने २०१८ पासून ग्लायसिडिल एस्टरांवर मर्यादा घातली आहे. म्हणून शेंगदाणा तेलाचे निर्गंधीकरण शक्य तितक्या कमी तापमानात व थोड्या वेळात उरकणे इष्ट ठरते. हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा आत येणारे कच्चे तेल चांगले असते. खवट, काळपट तेलास अधिक सोडा, अधिक माती आणि अधिक उष्णता लागते. दाण्यातील दोष अशा रीतीने प्रत्येक टप्प्यावर व्याजासह वसूल होतो.

८. अफ्लाटॉक्सिन : प्रश्नाचा गाभा

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष आढळले. तेच अफ्लाटॉक्सिन. ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. काढणीच्या वेळी शेंगेत ओलावा भरपूर असतो. तो वेळेत ८ टक्क्यांच्या आसपास न आणल्यास, किंवा काढणीनंतर पावसात शेंग भिजल्यास, ही बुरशी वाढते. फुटलेला व किडका दाणा तिला विशेष बळी पडतो. हीच परिस्थिती तेलातील मुक्त आम्लेही वाढविते, कारण ओलाव्यात तेलाचे विघटन करणारी विकरे क्रियाशील होतात.

दाणा गाळला असता बहुतांश अफ्लाटॉक्सिन पेंडीत राहते आणि अल्प भाग तेलात उतरतो. स्वयंपाकाच्या तापमानाने ते नष्ट होत नाही. कॉस्टिक सोड्याच्या संस्काराने त्याच्या रेणूतील लॅक्टोन वलय उघडते व ते पाण्याबरोबर निघून जाते. उरलेला अंश विरंजनाच्या मातीत अडकतो. त्यामुळे नीट शुद्ध केलेल्या तेलात ते जवळजवळ आढळत नाही. घाण्याच्या वा फिल्टर तेलास हे दोन्ही अडसर नसतात. त्याचा अर्थ घाण्याचे तेल वाईट असा होत नाही. घाण्याच्या तेलाची सुरक्षितता संपूर्णपणे दाण्याच्या निवडीवर अवलंबून असते, एवढाच त्याचा अर्थ. रिफायनरी दाण्याचा दोष झाकू शकते, घाणा झाकू शकत नाही.

तथापि रिफायनरीनेही प्रश्न सुटतो असे नाही. तेल शुद्ध झाले तरी पेंड तशीच राहते आणि ती दुभत्या जनावरांपुढे जाते. गायीच्या शरीरात अफ्लाटॉक्सिन बी-१ चे एम-१ मध्ये रूपांतर होऊन ते दुधात उतरते. भारतीय मानकानुसार दुधातील त्याची मर्यादा प्रतिकिलोग्रॅम ०.५ मायक्रोग्रॅम आहे. ज्या घरात रिफाइंड तेल येते त्याच घरात दूधही येते. म्हणजे तेलातून बाहेर काढलेले विष दुसऱ्या दाराने परत येण्याची शक्यता उरते. या साखळीवर उपाय एकच आहे, तो म्हणजे खळ्यावरची वाळवण आणि गिरणीतील निवड.

९. लहान तेलगिरणीपुढील पर्याय

द्रावक-निष्कर्षित वगळता शेंगदाण्याचे तेल हे दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या वस्तूंच्या यादीत होते. एप्रिल २०१५ मध्ये या यादीतील शेवटच्या २० वस्तू मुक्त करण्यात आल्या, त्यांत या तेलाचाही समावेश होता. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणची तेलगिरणी आता कोणत्याही संरक्षणाशिवाय बंदरावरील मोठ्या रिफायनऱ्यांशी स्पर्धा करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानामुळे देशी तेलबियांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. या परिस्थितीत लहान उद्योजकापुढे तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग पूर्ण रिफायनरीचा. दिवसाला ५ ते १० टनांचा तुकडी-पद्धतीचा प्रकल्प तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. तथापि बॉयलर, थर्मिक फ्लुइड हीटर, निर्वात यंत्रणा आणि सांडपाणी प्रक्रिया यांचा भार लहान उत्पादनावर पडतो. शिवाय अखेर निर्माण होणारे तेल गंधहीन असते, आणि गंधहीन तेलांच्या बाजारात दर ठरतो तो आयात पामोलिन व सोयाबीन तेलाच्या दराशी तुलना होऊनच. दुसरा मार्ग मर्यादित शुद्धीकरणाचा. उदासिनीकरण, धुणे, वाळविणे व हलके विरंजन एवढ्यावर थांबल्यास निर्गंधीकरणाचा खर्च वाचतो. मात्र असे तेल नियमांच्या दृष्टीने कोणत्या वर्गात मोडते आणि वेष्टनावर त्याचे वर्णन कसे करावे, याची तपासणी आधी करावी लागते. तिसरा मार्ग अपरिष्कृत, सुवासिक तेलाचा. येथे भांडवल रिफायनरीऐवजी फोडणी, प्रतवारी, रंगनिवड यंत्र, कोरडे गोदाम व उत्तम फिल्टर यांत गुंतवावे लागते, आणि प्रत्येक खेपेची अफ्लाटॉक्सिन तपासणी करून घ्यावी लागते. नाशिक–खानदेशातील लहान गिरण्यांना तिसरा मार्ग अधिक परवडणारा दिसतो. परंतु बुरशीचा दाणा दूर करण्याची शिस्त नसेल, तर तोच मार्ग सर्वांत धोक्याचा ठरतो.

१०. महाविद्यालयीन प्रयोगशाळेची भूमिका

महाराष्ट्रात या विषयाच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. मुंबईची १९३३ मधील रासायनिक तंत्रज्ञान विभागाची स्थापना आणि नागपूरची १९४२ मधील लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था यांनी तेलतंत्रज्ञानाच्या अनेक पिढ्या घडविल्या. परंतु ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येतो. आम्लमूल्य, आयोडीन मूल्य, साबणीकरण मूल्य व बेलिअर चाचणी या सर्व पदवीच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील साधनांनी होऊ शकतात. शेंगदाणा तेलाचे आयोडीन मूल्य ८५ ते ९९ या मर्यादेत असावे लागते. परिसरातील गिरणीतून हंगामाच्या आरंभी, मध्यात व पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यांचे आम्लमूल्य विद्यार्थ्यांनी मोजले, तर साठवणुकीचा परिणाम आकड्यांत दिसेल. वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना दाण्यावरील बुरशीचा आणि अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांना घटीच्या खर्चाचा अभ्यास करता येईल. हा विषय एका विद्याशाखेत मावणारा नाही.

११. निष्कर्ष

१) गाळणे आणि शुद्धीकरण या भिन्न प्रक्रिया आहेत. फिल्टर तेलातून केवळ घन कण निघतात, तर रिफाइंड तेलातून विरघळलेले घटकही निघतात.

२) शुद्धीकरणाचा प्रत्येक टप्पा काही अनिष्ट घटक काढतो आणि काही इष्ट घटकही नेतो. त्यामुळे ‘जितके अधिक तितके चांगले’ हा नियम येथे लागू पडत नाही.

३) शेंगदाणा तेलात गोंद व रंग मुळातच कमी असल्याने दाणा चांगला असेल तर सौम्य शुद्धीकरण पुरते.

४) मुक्त आम्लांमुळे होणारी आर्थिक घट आणि अफ्लाटॉक्सिनमुळे होणारी आरोग्याची हानी यांचा उगम एकच आहे, तो म्हणजे ओली, फुटकी व बुरशी धरलेली शेंग. गिरणीमालकाचा नफा आणि ग्राहकाचे आरोग्य यांचे हित येथे एकाच बाजूस आहे.

५) रिफायनरी तेल निर्दोष करू शकते, पेंड नव्हे. अन्नसाखळीचा विचार करता शेंगेची वाळवण हाच शुद्धीकरणाचा पहिला टप्पा मानला पाहिजे, आणि शेतकऱ्यास कोरड्या, निवडक शेंगेचा वेगळा दर मिळाल्याशिवाय तो टप्पा नीट पार पडणार नाही.